धांड्याच्या बैलबंडीपासून ठोकळ्यांच्या डब्यापर्यंत : तुमचे अनुभव सांगा

भाच्यानं परवा लेगोची गाडी तासाभरात जोडली, पुस्तिकेत होती तश्शी. एक तुकडा दिवाणाखाली गेला तर काम बंद. "दुसरं काही लाव ना," म्हटलं. "मामा, चित्रात तसं नाही." ठोकळ्यांना दोष द्यावा तर 2 बाय 4 चे एका रंगाचे सहाच ठोकळे 91,51,03,765 प्रकारे जोडता येतात, असं गणित मांडलेलं आहे. मग अडतं कुठं? लहानपणी तुम्ही काय बनवलंत, कशाचं, आणि फसलं कुठं, ते लिहा.

दारव्हा तालुका
ज्वारी कापली का आमी पोट्टे धांडे घेऊन बसाचो. दातानं सालपट सोलाचं, आतला नरम गाभा येगळा ठेवाचा. सालपट गाभ्यात खुपसलं का जोड पक्का. जू, उभाऱ्या, साटा, सारं त्याचंच. चाकं फाटक्या स्लीपरची, शिशीचं झाकण ठेवून आखलेली अन् ब्लेडनं कापलेली. खिळा म्हणून बाभळीचा काटा. माही पयली बंडी लंगडत चाले, चाकाचं भोक मधोमध नव्हतं. आबा पाहून हासले, सांगतलं काईच नाई. तीन चाकं वाया गेली तवा समजलं का गोल कागद दोनदा घडी केला तर मधला बिंदू सापडते. सालपटानं बोट चिरे ते येगळंच.

अचलपूरकडची
तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, लाकडी बैल भावाचा, मी ओवाळायला. म्हणून मातीचा केला. काळी माती ती, वाळताच तडकली. शिंगं आधी गळाली. आजी म्हणाली, "ही माती आक्रसते बाई, शेण नि भुसा घाल." दुसरा बैल टिकला, पण तोवर पोळा होऊन गेला होता. आणि हो, आठवणी काढताना हेही लिहा : पोरींच्या हाती ब्लेड कोण देत होतं?

वर्धा जिल्हा, शाळामास्तर
टाकाऊतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी जोडून आकार बनवले. तेच मी वर्गात करतो. चौकोन बोटांत लोळतो, त्रिकोण हलत नाही. 5वीतला एक जण ओरडला, "सर, हे तर आमच्या कोठ्याची कैची!" कैची म्हणजे छपराचा सांगाडा; टिनाखाली त्रिकोणच त्रिकोण असतात, हे फळ्यावर काढून मला सहा वर्षं पटवता आलं नव्हतं.

गोंदिया, थ्रेशर दुरुस्ती
जुनं ते सोनं पुरे झालं. मला नागपूरहून नट-बोल्टचा डबा आणला होता. मेकॅनोवाल्या फ्रँक हॉर्नबी यांनी 1901 साली पेटंट घेतलं तीच कल्पना : सारख्या अंतरावर भोकं पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या. पुस्तिका पहिल्याच पावसाळ्यात उंदरांनी खाल्ली, बरंच झालं. क्रेन मनानं केली. बोल्ट जास्त आवळला की तिचा हात फिरेना, ढिला ठेवला की लोंबे. किती आवळायचं ते बोटांना तिथं कळलं, आणि थ्रेशर उघडला की अजून तीच बोटं सांगतात.

दर्यापूर
आमच्या शिवारात सोयाबीन आलं, ज्वारी गेली. धांडाच नाही तर बंडी कशाची करता? सोयाबीनचं कुटार होते फक्त. यंदा घरच्यापुरती पाच तासं (ओळी) ज्वारी पेरली आहे. मामा, दिवाळीनंतर भाच्याला घेऊन या. ब्लेड तुमचं आणा.