‘पूर्ण स्टील’ म्हणून क्रोनोग्राफ दाखवतायत, घ्यावा का?

तिसरा काटा
नमस्कार मंडळी. 1940 च्या दशकातला म्हणून एक चावीचा क्रोनोग्राफ (बटण दाबून सेकंद मोजता येणारं घड्याळ) मला देऊ केलाय. आत दोन छोट्या तबकड्या, कडेने टॅकीमीटर (वेग मोजायची पट्टी), डायलवर नुसतं ‘क्रोनोग्राफ स्विस’. कंपनीचं नाव नाही. विकणारा म्हणतो पूर्ण स्टील. मागच्या झाकणावर फ्रेंचमध्ये ‘फाँ आसिए इनॉक्सिदाब्ल’ कोरलंय. डायल कोरी करकरीत. एकच खटकतंय: वरचं बटण दाबलं की काटा सुटतो, पण त्याच बटणाने थांबत नाही, खालचं दाबावं लागतं. बिघाड असेल का? आणि स्टीलचं काय?

हौशी
लोहचुंबक लावा की. चिकटलं तर स्टील.

काटेकोर
हौशीराव, चुंबक लांब ठेवा हो! केसचं, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या पेटीचं, स्टेनलेस सहसा चुंबकाला चिकटत नाही, पितळही चिकटत नाही. कळणार काहीच नाही, वर हेअरस्प्रिंग (आतली केसासारखी बारीक कमान) चुंबकली की घड्याळ वेड्यासारखं पुढे पळायला लागेल.

तिसरा काटा, त्या कोरलेल्या ओळीचा अर्थ ‘झाकण स्टेनलेस स्टीलचं’, म्हणजे ग्वाही आहे ती फक्त मागच्या झाकणाची. बाकी केसबद्दल अवाक्षर नाही. असं लिहिलेल्या घड्याळांची केस बहुधा पितळेची असते, वर क्रोमचा मुलामा. लगच्या (पट्टा अडकवायच्या शिंगांच्या) आतल्या बाजूला, जिथे पट्टा घासतो तिथे, आणि बटणांच्या मुळाशी भिंगाने बघा. पिवळं डोकावलं की विषय मिटला.

त्या काळी नामांकित कारखाने अवघड यंत्रं बहुतेक सोन्यातच बसवायचे, स्टील म्हणजे कामाच्या घड्याळाचा धातू. म्हणूनच आज स्टीलला एवढा भाव. पाटेक फिलिपचे 1518 मॉडेलचे क्रोनोग्राफ बनले 281, त्यातले स्टीलचे माहीत असलेले फक्त चार. 2016 मध्ये जिनिव्हाच्या लिलावात त्यातला एक 1 कोटी 10 लाख स्विस फ्रँकच्या वर गेला. तेव्हापासून बघतोय, पांढरा धातू दिसला की ‘दुर्मिळ स्टील’ म्हणायची साथच आली आहे.

बटणात बिघाड नाही. आत लँडरॉन 48 हे यंत्र असणार. त्यात बटणांचं काम सांभाळायला कॉलम व्हील (खांबांचं चाक) नाही, कॅम (आकार दिलेली चकती) आहे. वरचं बटण फक्त सुरू करतं. खालचं एकदा दाबलं की थांबवतं, पुन्हा दाबलं की शून्यावर आणतं. व्हालजू 72 किंवा लेमानिया 2310 या कॉलम व्हीलवाल्या यंत्रांची सवय असलेल्यांना हे उलटंच वाटतं. खात्रीसाठी बॅलन्सच्या (आतल्या डोलणाऱ्या चाकाच्या) खालचा शिक्का वाचा. झाकण मात्र जाणकार कारागिराकडूनच उघडा, स्वयंपाकघरातल्या सुरीने नको.

भिंगवाला
डायलवर कोणीच बोललं नाही. टॅकीमीटरचं गणित ठरलेलं: 3600 भागिले सेकंद. 30 सेकंदांसमोर 120 हवा, 20 समोर 180, 45 समोर 80. नंतर छापलेल्या डायलवर हे आकडे बऱ्याचदा सरकलेले असतात आणि अक्षरं जाडसर, पसरलेली. काटे रात्री झगमगतात का तेही बघा. तेव्हाच्या रेडियमचा अर्धायुकाल सुमारे 1600 वर्षं, ते अजून सक्रियच आहे, पण त्याच्यासोबतचं चमकणारं झिंक सल्फाइड कधीच थकलं. लख्ख उजेड दिसला तर रंग अलीकडचा. फिक्कं असलं तर मात्र खरवडू नका, ती भुकटी पोटात जायला नको.

तिसरा काटा
बघून घेतलं. शिक्का लँडरॉन 48 चाच. दोन लगच्या आत पिवळं दिसतंय. 180 हा आकडा 20 च्या जवळजवळ एक खूण पुढे. उजेड नाही. आता?

भिंगवाला
एक खूण पुढे? मग डायल नंतरचीच.

काटेकोर
मनगटावर घालायला आवडत असेल तर घ्या, यंत्र साधं आणि दमदार आहे. पण भाव मुलाम्याच्या केसचा आणि नंतर छापलेल्या डायलचा. स्टीलच्या नावाने वर एक पैसाही देऊ नका.

संग्रह स्टीलचाच करायचा असेल तर थोडं थांबा. ओरखडे चालतील, पॉलिश नको. लगच्या कडांना धार असली पाहिजे. साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत झाले असतील तर गेलेला धातू परत येत नाही. लाँजिनचा, 13झेडएन किंवा 30सीएच यंत्राचा क्रोनोग्राफ मिळाला तर उत्तमच: सीरियल नंबर कळवला की कंपनी जुन्या नोंदवह्यांत शोधून ते घड्याळ कधी, कोणाकडे पाठवलं ते सांगते. नाव नसलेल्या क्रोनोग्राफला ती सोय नाही.

आणि त्या पिवळ्या कडेचा फोटो विकणाऱ्याला पाठवाच. काय म्हणतो ते इथे लिहा.