शब्दचर्चा: धरपकड, फौजफाटा आणि ‘बंड’

पुण्याहून
अमेरिकेतल्या शिकागोत २०२५ च्या सप्टेंबरपासून केंद्र सरकारची स्थलांतरितांना पकडण्याची मोहीम चालली आणि तिच्याविरुद्ध वस्त्यावस्त्यांतले लोक रस्त्यावर आले. त्यावर एका मासिकासाठी लिहिते आहे आणि ‘मिलिटराइज्ड इमिग्रेशन एन्फोर्समेंट’पाशी अडले आहे. ‘स्थलांतर अंमलबजावणीचे लष्करीकरण’ असं लिहून पाहिलं, पण ते वाचून डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. मराठी बातम्यांत पकडलेल्यांना ‘घुसखोर’ आणि आंदोलनाला ‘दंगल’ म्हटलेलं दिसतं, तेही पटत नाही. जाणकारांनी सुचवावं.

शिकागोहून
ताई, सगळं एकाच समासात कोंबू नका. कुणी, कुणाला, काय केलं ते सांगा, म्हणजे शब्द आपोआप सापडतील. अंमलबजावणी कायद्याची होते. इथे जे झालं ती धरपकड. लिटल व्हिलेज या इथल्या वस्तीत, सव्विसाव्या रस्त्याच्या आसपास, कामाला निघालेली माणसं, बांधकाम सामानाच्या दुकानांबाहेर रोजंदारीची वाट बघणारे मजूर, बागकाम करणारे, खाऊ विकणारे यांना वाटेतून उचललं. चळवळीच्या दिवसांत पोलिसांनी कार्यकर्ते उचलले की आपण ‘धरपकड सुरू झाली’ म्हणतो, तेच हे.

छापा वेगळा. त्याला ठिकाण लागतं. ३० सप्टेंबरला मध्यरात्र उलटल्यावर साउथ शोअर भागातल्या एका इमारतीवर पडला तो छापा. वर हेलिकॉप्टर, खाली दारं फोडणारे सशस्त्र लोक, मुलांसकट माणसं झोपेतून बाहेर काढलेली. त्यांत अमेरिकेचे नागरिकही होते. त्यांचेही हात प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधून त्यांना ताटकळत ठेवलं. ‘धाड’ मी इथे वापरणार नाही. तो शब्द दरोड्याचीही आठवण करून देतो, आणि वाचकाने काय ठरवायचं ते आधीच ठरवून टाकतो. घडलं ते नीट सांगितलं तर तेवढं पुरेसं आहे.

आता ‘लष्करी’. इथे फार जपून लिहायला हवं, कारण पुढची सगळी कोर्टबाजी याच सीमारेषेवर झाली. रस्त्यांवर दिसत होते ते मुख्यतः दोन खात्यांचे लोक: आइस, म्हणजे स्थलांतर आणि सीमाशुल्क खातं, आणि बॉर्डर पेट्रोल, म्हणजे सीमेवर गस्त घालणारं दल. मेक्सिकोच्या सीमेवरचं हे दल मिशिगन सरोवराकाठच्या शहरात आणलं होतं. अंगावर रानरंगी गणवेश, तोंडावर कापड, हातात रायफल. पण कायद्याने हे दोघेही मुलकी. म्हणून ‘लष्करी कारवाई’ लिहिलं तर ते चूक ठरेल. ‘निमलष्करी’ लिहिलं तर आपल्या वाचकाला केंद्रीय राखीव दल आठवेल, तेही बरोबर नाही. मी ‘लष्करी थाटाची धरपकड’ म्हणेन. वाक्यात जागा असेल तर ‘फौजफाटा’ आणा. माणसं, गाड्या, शस्त्रं, दरारा हे सगळं त्या एका शब्दात येतं आणि तो कुणालाही समजावून सांगावा लागत नाही.

नॅशनल गार्ड मात्र खरोखर सैनिक आहेत. ते राज्याचे, एरवी नोकऱ्या-धंदे करणारे, पूर-वादळात राज्यपालांच्या हुकमाने येणारे. तिथला राज्यपाल निवडून आलेला असतो, आपल्यासारखा नेमलेला नाही, ही टीप लेखात द्याच. आणि ‘राष्ट्रीय सुरक्षा रक्षक’ असं भाषांतर करू नका. वाचकाला २६/११ चे कमांडो आठवतील. नॅशनल गार्डच ठेवा.

नागपूरहून
कायद्याच्या अनुवादाचं काम केलेलं असल्यामुळे थोडी भर घालतो. पकडल्यानंतर पुढे जे होतं त्यालाही मराठीत तीन शब्द एकमेकांत मिसळून वापरले जातात. ‘प्रत्यार्पण’ म्हणजे एका देशाने मागितलेला आरोपी दुसऱ्या देशाने सोपवणं. त्याचा इथे काही संबंध नाही. ‘तडीपार’ आपल्याकडे जिल्ह्याबाहेर काढतात त्याला म्हणतात, आणि त्या शब्दाला गुंडाचा वास आहे. ‘हद्दपार’ चालेल, पण महाराष्ट्र पोलीस कायद्याखालच्या आदेशांतही तोच शब्द येतो, म्हणून ‘देशाबाहेर हद्दपार’ असं स्पष्ट करावं. ‘मायदेशी रवानगी’ मला गोड वाटतो, फार गोड. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरला उतरवले, तेव्हा वाटेत त्यांच्या हातापायांत बेड्या होत्या. त्यांत तिघे महाराष्ट्रातले होते. त्याला रवानगी म्हणायला माझी लेखणी धजत नाही.

पण मला खरं बोलायचंय ते ‘बंड’ या शब्दावर. २०२५ च्याच जूनमध्ये लॉस एंजेलिसमध्ये धरपकडीविरुद्ध निदर्शनं झाली. ७ जूनच्या राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या आदेशात म्हटलं होतं की कायद्याच्या अंमलात अडथळा आणणारी निदर्शनं हा ‘रिबेलियन’चाच, म्हणजे बंडाचाच, एक प्रकार. ते म्हणायचं कारण असं की राज्याचे गार्ड केंद्राच्या ताब्यात घेण्यासाठी कायद्यात जी कारणं दिली आहेत त्यांत ‘रिबेलियन’ आहे. मग तिथे सुमारे ४००० गार्ड आणि ७०० मरीन सैनिक उतरवले. न्यायाधीश चार्ल्स ब्रायर यांनी १२ जूनच्या निकालात काय केलं? कायदा झाला त्या काळातले शब्दकोश उघडले. त्यांतून अर्थ काढला तो असा: बंड हिंसक आणि सशस्त्र असतं, संघटित असतं, उघड आणि जाहीर असतं, आणि ते एखाद्या कायद्याविरुद्ध नसून सबंध राजसत्तेविरुद्ध असतं. गार्ड राज्याच्या ताब्यात परत देण्याचा त्यांचा आदेश वरच्या न्यायालयाने त्याच दिवशी थांबवला, हे खरं. तरी शब्दाची ती चिकित्सा मुळातून वाचण्याजोगी आहे.

आपण तर हा धडा दीडशे वर्षं गिरवतो आहोत. १८५७ ला साहेब ‘शिपायांचं बंड’ म्हणाला, आपण ‘उठाव’ म्हणू लागलो, ‘स्वातंत्र्यसमर’ म्हणू लागलो. १९४६ ला मुंबईच्या खलाशांनी केलं त्यालाही कुणी बंड म्हणतं, कुणी उठाव. तेव्हा ताई, शिकागोच्या लोकांबद्दल लिहिताना ‘बंड’ फक्त सरकारचा दावा सांगताना लिहा, आणि तो दावा आहे हे वाक्यात दिसू द्या.

शिकागोहून
दादा, नेमकं सांगितलंत. शिकागोतही तेच झालं, आणि इथे शब्दावरून निकाल फिरला. ऑक्टोबरात इलिनॉयचे सुमारे ३०० आणि टेक्सासचे सुमारे २०० गार्ड आणायचं ठरलं. न्यायाधीश एप्रिल पेरी यांनी ९ ऑक्टोबरला त्यांची तैनाती रोखली. अपील न्यायालयानेही १६ ऑक्टोबरला म्हटलं की निदर्शनं सुसंघटित आहेत, सरकारात मोठे बदल मागतात किंवा सविनय कायदेभंग करतात, एवढ्यामुळे ती बंड होत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्यातले आणखी दोन शब्द उचलले: ‘रेग्युलर फोर्सेस’. राष्ट्राध्यक्षांना ‘रेग्युलर फोर्सेस’च्या बळावर कायदा राबवता येत नसेल तर गार्ड बोलावता येतात, असं कलम आहे. सरकारचं म्हणणं, याचा अर्थ आइससारखी नेहमीची मुलकी दलं. २९ ऑक्टोबरला न्यायालयाने दोन्ही बाजूंना केवळ या शब्दांवर लेखी म्हणणं द्यायला सांगितलं. २३ डिसेंबरच्या आदेशात बहुमताने म्हटलं की बहुधा याचा अर्थ ‘खडं सैन्य’ असाच होतो. आणि जिथे कायदा राबवायला सैन्य वापरण्याची मुळात मुभाच नाही, तिथे ते अपुरं पडलं असं म्हणता येत नाही. तैनातीवरची बंदी उठवण्याची सरकारची मागणी फेटाळली गेली. ३१ डिसेंबरला शिकागो, लॉस एंजेलिस आणि पोर्टलंडमधून गार्ड मागे घेत असल्याचं राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं. म्हणून म्हटलं, ‘लष्करी’ आणि ‘मुलकी’ यांची सरमिसळ लेखात होऊ देऊ नका.

‘दंगल’बद्दल: दंगल म्हणजे दोन जमाव भिडले, जाळपोळ, दगडफेक. इथल्या लोकांनी जे केलं त्याला मराठीत वेगवेगळे शब्द आहेत, ते सगळे वापरा. १८ ऑक्टोबरला शहराच्या मध्यभागी निघाला तो मोर्चा. ब्रॉडव्ह्यू उपनगरातल्या आइसच्या कोठडीबाहेर चालली ती निदर्शनं. तिथे दर शुक्रवारी प्रार्थना करणाऱ्या नन २००७ पासून येत होत्या, म्हणजे हे काही एका रात्रीत उगवलेलं नाही. तिथेच एका पाद्रींच्या डोक्यावर मिरपुडीच्या गोळ्या मारल्या. २३ ऑक्टोबरला लिटल व्हिलेजमध्ये मोहिमेचं नेतृत्व करणारे बॉर्डर पेट्रोलचे अधिकारी ग्रेगरी बोव्हिनो यांनी स्वतः जमावावर अश्रुधुराची नळकांडी फेकली. न्यायाधीश सारा एलिस यांनी अशा बळाच्या वापरावर निर्बंध घातले. पुढे अपिलात त्यांना स्थगिती मिळाली.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. शेजाऱ्यांनी गळ्यात शिट्ट्या अडकवल्या. तुटक शिट्टी म्हणजे आइसचे लोक आसपास आहेत. सलग शिट्टी म्हणजे कुणाला तरी धरताहेत, धावा. शाळा सुटायच्या वेळी कोपऱ्याकोपऱ्यावर लोक उभे राहिले. जे आईबाप घराबाहेर पडायला धजत नव्हते त्यांची मुलं दुसऱ्यांनी शाळेत सोडली. याला मोर्चाही म्हणता येत नाही आणि निदर्शनंही नाही.

पुण्याहून
इतकं भरभरून लिहिलंत दोघांनी, आभार कसे मानू. दोन शंका उरल्या. ‘घुसखोर’ऐवजी काय? आणि त्या शिट्टीवाल्यांना ‘जागल्या’ म्हटलं तर? गैरप्रकार उघड करणाऱ्याला, इंग्रजीतल्या ‘व्हिसलब्लोअर’ला, आपण हल्ली तो शब्द वापरतोच, आणि इथे तर खरोखरच शिट्टी आहे.

नागपूरहून
‘घुसखोर’ आपण १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर बंदुका घेऊन बसलेल्यांना म्हटलं. वीस वर्षं एका गल्लीत राहून भांडी घासणाऱ्या बाईला तोच शब्द लावायचा? शिवाय यांतले पुष्कळ जण रीतसर व्हिसावर विमानाने आले आणि मुदतीनंतर राहिले. हा तिथल्या कायद्यात दिवाणी स्वरूपाचा भंग आहे. परवानगीशिवाय सीमा ओलांडणं हा मात्र गुन्हा आहे. दोन्ही प्रकारचे लोक एका शब्दात बसवायचे तर ‘कागदपत्रं नसलेले स्थलांतरित’ लिहा. लांब आहे, पण खरं आहे.

‘जागल्या’ला माझी हरकत आहे. गावगाड्यात जागल्याचं काम महार, रामोशी अशा जातींवर वतन म्हणून लादलेलं होतं. रात्रभर जागायचं आणि गावाबाहेर राहायचं. शिकागोचे लोक आपखुशीने उभे राहिले. शब्दाचा तो इतिहास ज्यांच्या घरात आहे त्यांना तो बोचेल.

शिकागोहून
मान्य. मग ‘राखण’ घ्या. राखण शेताची करतात, तान्ह्या पोराची करतात, आणि ती करायला कुणाची नेमणूक लागत नाही. ‘वस्तीने आपल्या माणसांची राखण केली.’ हे वाक्य असंच लेखात टाका, ताई.