विषय: लातूरहून गुलमर्गला: स्नोबोर्डावर ऑल-टेंपरेचर वॅक्स पुरेल का?

प्रेषक: लातूरचे दादा

सर्वांना सप्रेम नमस्कार.

वेळ अमावास्या आटोपली की निघायचे आहे, म्हणून उत्तर लवकर मिळाले तर उपकार होतील. परभणीहून सचखंडने दिल्ली आणि पुढे श्रीनगर असा बेत आहे. स्नोबोर्ड (बर्फावरून घसरायची फळी) तोच, ज्याच्या एजवरून, म्हणजे कडेच्या धातूच्या पट्टीवरून, गेल्या सहलीत चर्चा झाली होती; एज आता दुरुस्त आहे. बोर्ड उन्हाळाभर माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत होता आणि बेसवर, म्हणजे तळावर, दोन्ही कडांलगत पांढुरके, कोरडे पट्टे उमटले आहेत. मंडळाच्या पेटीतल्या वॅक्सच्या (बोर्ड नीट घसरावा म्हणून तळाला लावायच्या मेणाच्या) दोन वड्या मी कॅलगरीहून येताना सोबत आणल्या होत्या. एक निळी, थंड बर्फाची, आणि दुसरी ऑल-टेंपरेचर, म्हणजे सगळ्या तापमानांना चालणारी. यांपैकी कोणती लावावी? वॅक्सची इस्त्री लातुरात मिळणार नाही, तेव्हा घरची वापरली तर चालेल का, हेही कळवावे.

प्रेषक: सेलूकर (क्रीडा समिती)

दादा, नमस्कार.

पेटीतले सामान समितीच्या वहीत नोंद झाल्याशिवाय बाहेर जाऊ नये, असे मागच्या सभेत ठरले होते, ही नम्र आठवण सर्वांसाठी आहे. आता प्रश्नाकडे येतो. निळीच लावा. इथे कॅनडात कॅलगरीला आम्ही उणे वीस अंशांच्या आसपास जे बोर्ड उतरवतो त्यांना निळीच लागते, कारण कडाक्याच्या थंडीत बर्फाचे कण कठीण आणि टोकदार राहतात, मऊ वॅक्समध्ये ते रुततात आणि बोर्ड जागच्या जागी अडतो. काश्मीरची थंडी काही कमी नसते.

प्रेषक: अंबाजोगाईच्या ताई

सेलूकरांनी निळ्या वॅक्सचे जे कारण दिले आहे ते अगदी बरोबर आहे, पण ते कॅलगरीजवळच्या उतारांसाठी बरोबर आहे. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे आणि गोंडोलाचा (दोरीवरच्या पाळण्यांचा) दुसरा टप्पा अफरवत डोंगरावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते असे धरले, तर माथा आणि पायथा यांत आठ-साडेआठ अंशांचा फरक पडतो. म्हणजे एकाच उतरणीत वर कोरडा, टोकदार बर्फ लागतो आणि दुपारी खाली उन्हाने ओलावलेला. ओला बर्फ बेसला धरून ठेवतो, जसे पहिल्या पावसानंतर आपल्या काळ्या रानात चप्पल उचलवत नाही तसे. तिथे पाणी दूर सारणारे मऊ वॅक्स लागते आणि कठीण निळे वॅक्स कमी पडते. ऑल-टेंपरेचर वॅक्स दोन्ही टोकांना सर्वोत्तम ठरत नाही, हे मान्य करूनच ते घ्यायचे असते; मात्र मधल्या साऱ्या उतारावर ते निभावून नेते. शर्यतीत भाग घेणाऱ्यांनी रंग पाहून वॅक्स निवडावे, दिवसभर वरखाली करणाऱ्यांनी ऑल-टेंपरेचर घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

कडांलगतचे पट्टे म्हणजे बेस कोरडा पडल्याची खूण आहे. वळताना तिथेच सर्वांत जास्त घर्षण होते, म्हणून वॅक्स तिथून आधी निघून जाते. आपला बोर्ड सिंटर्ड, म्हणजे दाबून घडवलेल्या सच्छिद्र बेसचा आहे, तो वॅक्स शोषून घेतो, तेव्हा एका थरावर थांबू नका.

प्रेषक: उदगीरकर काका

इस्त्रीविषयी लिहितो. घरची साधी इस्त्री चालते, मी स्वतः तीच वापरत आलो आहे. वाफेची मात्र नको, तिच्या तळाच्या छिद्रांत वॅक्स जाऊन बसते. गावाकडे परिटाची कोळशाची इस्त्रीही मिळेल. वॅक्स कमी पडले, तर आपल्याकडचे मधाच्या पोळ्याचे मेणही लावता येईल, असे मला वाटते. उदगीरला आमच्या घरी चामड्याच्या वहाणांना तेच लावत आणि पावसाळाभर त्या टिकत असत.

प्रेषक: अंबाजोगाईच्या ताई

काका, कोळशाच्या इस्त्रीचा विचार कृपया सोडून द्यावा. तिचा ताप हाताने ठरवता येत नाही आणि बेसचे प्लास्टिक (पॉलिथिलीन) साधारण १३० ते १३५ अंशांना वितळू लागते. वॅक्सच्या इस्त्रीचा तळ जाड असतो, त्यामुळे तिचा ताप स्थिर राहतो. घरच्या इस्त्रीचा तळ पातळ असल्यामुळे तो सतत वरखाली होतो. कपड्यांच्या इस्त्रीवर एका ठिपक्याचा अर्थ सुमारे ११० अंश आणि दोन ठिपक्यांचा सुमारे १५०. दादांनी एका ठिपक्यापासून सुरुवात करावी आणि वॅक्स जेमतेम वितळेल इतकाच ताप वाढवावा. धूर निघाला तर इस्त्री जास्त तापली आहे असे समजून लगेच बाजूला घ्यावी. ती एका जागी क्षणभरही टेकू देऊ नये. बोर्डाची वरची बाजू हाताला कोमट लागली की पुरे. ज्या इस्त्रीने वॅक्स लावले ती पुन्हा कपड्यांना वापरता येत नाही, म्हणून घरात आधी विचारून घ्यावे. मधाच्या मेणाला चिकटपणा असतो, ते वहाणांना उत्तम आहे, पण घसरण्याच्या कामाला नको.

प्रेषक: जालन्याचे भाऊ

चर्चा वाचली. पेटीत एक तिसरी, जुनी फ्लोरो (फ्लोरिनची रसायने असलेल्या वॅक्सची) वडीही आहे आणि ती ओल्या बर्फावर सर्वांत वेगवान आहे, हे कोणी लिहिले नाही.

प्रेषक: सेलूकर (क्रीडा समिती)

ती वडी पेटीत असली तरी वापरासाठी नाही. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून आपल्या स्पर्धांमध्ये फ्लोरोयुक्त वॅक्सवर पूर्ण बंदी घातली आहे. ही रसायने निसर्गात विघटित होत नाहीत, बर्फाबरोबर वितळून ओढ्यांत उतरतात आणि तापवताना निघणारी वाफ फुप्फुसांना घातक असते. बंद खोलीत ती वडी इस्त्रीखाली धरण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. समितीच्या पुढील बैठकीत तिची योग्य विल्हेवाट लावण्याचा विषय मी मांडतो. गुलमर्गच्या उंचीचा ताईंनी मांडलेला मुद्दा मला पटला आहे, दादांनी ऑल-टेंपरेचरच लावावे.

प्रेषक: लातूरचे दादा

मनापासून आभार. ऑल-टेंपरेचर लावण्याचे ठरवले आहे. पुतण्याची जुनी साधी इस्त्री या कामासाठी कायमची मिळाली. आता अडचण खरवडण्याची आहे, कारण स्क्रेपर (जास्तीचे वॅक्स खरवडायची प्लास्टिकची पट्टी) पेटीतच राहिला. इथे घरात सुरी आणि लोखंडी उलथने सुचवले जात आहे. बेस साफ करण्याचे द्रावण दिल्लीहून मागवावे का?

प्रेषक: अंबाजोगाईच्या ताई

धातूचे काहीही बेसला लावू नका. लातूरच्या गंजगोलाई बाजारात पाट्या तयार करणाऱ्याकडे अॅक्रिलिकचा चार-पाच मिलिमीटर जाडीचा तुकडा मिळेल, त्याची कड काचकागदावर घासून सरळ आणि काटकोनी करून घ्या. द्रावण मागवू नका, ज्वलनशील असेल तर ते रेल्वेत आणि विमानात नेता येणार नाही. त्याऐवजी पहिला थर वितळवून तो कोमट असतानाच खरवडा, त्याबरोबर आतला मळ निघून येतो. सुरुवात करण्यापूर्वी बाइंडिंगचे (बोर्डावर बूट अडकवायच्या पट्ट्यांचे) स्क्रू सैल करा, नाहीतर तापलेला बेस स्क्रूंपाशी आत ओढला जाऊन खळगे पडतात. पुढचे दोन-तीन थर लावताना प्रत्येक वेळी बोर्ड खोलीतच किमान अर्धा तास पूर्ण थंड होऊ द्या. गार व्हावा म्हणून गच्चीवर थंडीत नेऊ नका. मग नाकाकडून शेपटीकडे, एकाच दिशेने, वरचे सगळे वॅक्स निघेपर्यंत खरवडा आणि नायलॉनच्या ब्रशने घासा. काम बेसच्या आत मुरलेले वॅक्स करते, वर राहिलेला थर बोर्डाला अडवतो.

शेवटचा थर मात्र लातुरात खरवडू नका. तो तसाच राहू द्या, म्हणजे सचखंडच्या प्रवासात बेसला ओरखडे पडणार नाहीत. गुलमर्गला पोहोचल्यावर आदल्या रात्री खोलीत खरवडा आणि स्क्रू पुन्हा घट्ट करायला विसरू नका.