मदत हवी आहे: बाबांचा अपंगत्वाचा दाखला ३६ टक्क्यांवर अडला, डोळा धरलाच नाही

नमस्कार. आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. बाबा ५७ वर्षांचे. खाणीवर ड्रिल मशीन चालवायचे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा काम गेलं, कानांचं नुकसान त्याआधीच झालं होतं. आता समोर बसून मोठ्याने बोललं तरच कळतं. त्यात काचबिंदूने उजवा डोळा पूर्ण गेला. डावा चष्म्याने चालतो.

अपंगत्वाच्या दाखल्याचे अर्ज ज्यावर भरतात त्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज मीच भरला. अपंगत्वाच्या प्रकारात फक्त ऐकण्याचं निवडलं, कारण एक डोळा शाबूत असला तर डोळ्याचं काही धरत नाहीत असं वाड्यावर सगळे सांगत होते. तपासणीच्या दिवशी मी झेरॉक्स काढायला गेले आणि नेमकं तेव्हाच व्हरांड्यात बाबांचं नाव पुकारलं. त्यांना ऐकू कसं येणार? नंबर गेला. कान तपासायला आलेल्या माणसाला लांबून हाक मारतात, याचं मला अजून वाईट वाटतं. पुन्हा एक दिवस मोडून गेलो. दाखला आला तो ३६ टक्क्यांचा. ४० नाहीत म्हणून गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा (दरमहा आर्थिक मदत) अर्ज करता येत नाही.

नवा अर्ज करू की याच दाखल्यावर अपील? डोळ्याचे धरले तर बेरीज कशी करतात? बाबा म्हणतात, "राहू दे गो, किती फिरशील." पण मला सोडायचं नाही.

*

प्रतिसाद (फोंड्याहून):

ताई, वाड्यावर सांगितलं ते चुकीचं आहे. चांगल्या डोळ्याला चष्म्यासकट ६/१८ (डोळे तपासायच्या तक्त्यावरचं माप) किंवा त्याहून बरं दिसत असेल आणि दुसऱ्याची दृष्टी पूर्ण गेली असेल, तर दृष्टीचे ३० टक्के धरतात. एकटे ३० कामाचे नाहीत, पण कानांबरोबर धरले की चित्र बदलतं.

मात्र ३६ आणि ३० मिळून ६६ होत नाहीत. मोठा आकडा तसाच ठेवायचा. तो ९० मधून वजा करायचा, राहिले ५४. त्याला लहान आकड्याने गुणून ९० ने भागायचं: ५४ गुणिले ३०, भागिले ९०, म्हणजे १८. एकूण ३६ अधिक १८, ५४ टक्के. अंतिम आकडा अर्थात तपासणारं वैद्यकीय मंडळच ठरवणार.

बाबांचा दाखला नमुना ७ मध्ये असेल, तो एकाच प्रकारच्या अपंगत्वाचा. एकापेक्षा जास्त असतील तर नमुना ६ लागतो. अपिलाचा हक्क २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ मध्ये आहे, पण तुमच्या बाबतीत डॉक्टरांनी डोळा नाकारलेला नाही, तो त्यांच्यापुढे गेलाच नाही. म्हणून मी आधी दोन्ही प्रकार नोंदवून पुन्हा मूल्यमापन मागितलं असतं. काचबिंदूचे जुने कागद न्या, आणि डाव्या डोळ्याची फील्ड टेस्ट (कडेचं किती दिसतं त्याची तपासणी) जरूर करून घ्या. काचबिंदूत समोरचं स्वच्छ दिसत असतानाही कडेचं गेलेलं असतं. तसं निघालं तर टक्के आणखी वाढू शकतात, आणि टक्के राहू द्या, उरलेला डोळा तरी वाचेल.

कानांचे टक्के काढताना बऱ्या कानाला पाचपट वजन असतं. ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) जुना असेल तर त्याच फेरीत नवा काढा. दयानंद योजनेला गोव्यातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, तो मामलेदार कचेरीतून आताच मिळवून ठेवा.

*

धागाकर्ती:

दाखला काढून पाहिला, नमुना ७ च आहे. फील्ड टेस्ट तीन वर्षांत झालेली नाही. आम्ही तर तो चांगला डोळा म्हणून निर्धास्त होतो, आता आधी तीच करते. गुरुवारी नेते. या वेळी बाबांच्या खिशाला मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावणार आहे: "मला ऐकू येत नाही. नंबर आला की खांद्याला हात लावा."