लॉकलियरची ती पकड: होल्डिंग की नुसता ब्लॉक?

रेडमंडकर: काल इथे एकाने लिहिलं, "लॉकलियरने हॅगन्सला सरळसरळ धरलं होतं, सिअ‍ॅटलवाले उगाच रडतात." झोपायला निघालो होतो, पण राहवलं नाही. ५ फेब्रुवारी २००६, डेट्रॉइट, अमेरिकन फुटबॉलची सुपर बोल फायनल, आम्ही सिअ‍ॅटल विरुद्ध पिट्सबर्ग. चौथा क्वार्टर, आम्ही १४-१० ने मागे. आमच्या हॅसलबेकचा पास घेऊन आमचा स्टीव्हन्स त्यांच्या गोलरेषेपासून एक यार्डावर पोचला. पंचांचा पिवळा रुमाल पडला, लॉकलियरवर होल्डिंग, म्हणजे समोरच्याला बेकायदा धरण्याचा फाउल, आणि आम्ही थेट मागे २९ यार्डांवर! मग इंटरसेप्शन, म्हणजे आमचा पास त्यांच्या टेलरच्या हातात, मग त्यांचा टचडाउन, २१-१०. क्लिप थांबवत थांबवत बघा. त्यांचा हॅगन्स हॅसलबेककडे धावताना खांदा खाली घालून कडेने निसटतोय, म्हणून त्याला अडवणाऱ्या आमच्या लॉकलियरचा हात वर सरकला. त्यात ओढणं कुठंय?

पिवळा टॉवेल: "हात वर सरकला" म्हणे! हॅगन्स पुढे गेला होता आणि हात त्याच्या खांद्यावरून गळ्याकडे. होल्डिंग नव्हतं तर काय, राखी बांधत होता?

रेडमंडकर: हॅगन्स स्नॅपआधीच, म्हणजे चेंडू खेळात येण्याआधीच, उडाला होता, त्याचं काय? आणि रेफरी लेव्ही स्वतः ऑगस्ट २०१० मध्ये आमच्या सरावाला येऊन म्हणाला की चौथ्या क्वार्टरमधले दोन निर्णय माझे चुकले. अजून काय पाहिजे?

पिवळा टॉवेल: त्या दोनांत हा होता, हे तुम्ही ठरवलंत. इंटरसेप्शननंतर टेलरला पाडायला गेलेल्या हॅसलबेकला कमरेखालच्या ब्लॉकचा दंड झाला, तो मात्र हास्यास्पद. तेवढं देतो.

टॅकलचा बाप: माझा मुलगा शाळेच्या टीमात राइट टॅकल आहे, लॉकलियरसारखाच अडवणारा. गेल्या मोसमात अस्साच हात वर गेला, रुमाल पडला, टचडाउन गेला. गाडीत घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. हेल्मेट मांडीवर, चिनस्ट्रॅपचं बटण लाव-काढ, लाव-काढ. पुस्तकाप्रमाणे होल्डिंगच. पण तस्सं दर दुसऱ्या प्लेला होतं आणि कुणी बघत नाही.

चढाईपटू: म्हणून कबड्डी बरी. हातपाय नाहीतर धड, एवढंच धरायचं. कपडे ओढले की फाउल, विषय संपला.

पिवळा टॉवेल: संपला? मंडळाच्या सामन्यात माझी अर्धी बनियन त्यांच्या कोपरारक्षकाच्या मुठीत, अर्धी माझ्या अंगावर, मी मध्यरेषेपाशी, आणि पंच म्हणतो बाद!

चढाईपटू: बनियन आधीच विरलेली असेल. शिवाय तेव्हा दम सुटला असेल तर बादच.

पिवळा टॉवेल: दम सुटला नव्हता! तुम्ही होतात का तिथे? गावातले चाळीस जण साक्षीला आहेत.

चढाईपटू: तुमच्याच गावातले ना?

टॅकलचा बाप: धागा कशावर होता?

पिवळा टॉवेल: गप्प बसा हो, बनियन महत्त्वाची आहे. कपडा हातात आला तर पकड, हे मी अंगावर सोसलंय, म्हणूनच सांगतो, लॉकलियरने पकडलं.

रेडमंडकर: वा! म्हणजे बनियनीला न्याय मिळाला नाही, म्हणून स्टीव्हन्सचा झेल रद्द. ठीक आहे, हात गळ्याकडे गेला, मान्य. मग त्या रात्री तुमच्या पिट्सबर्गच्या अडवणाऱ्या लाइनने चार क्वार्टर काय हात खिशात घालून ब्लॉक केले?

पिवळा टॉवेल: आमच्यांनी धरलं असेल. पण सापडले नाहीत.