थंडीत गाडी सुरू करून किती वेळ उभी ठेवावी?

मूळ मत:
पाच-दहा मिनिटं गाडी जागेवर तापवायची सवय सोडून द्यावी. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला ती गरज होती, कारण गार मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळीत) पेट्रोलची नीट वाफच होत नसे. इंजेक्शनच्या गाडीत कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) सेन्सरवरून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्वतःच जास्त पेट्रोल सोडतो आणि आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग) चढवतो. ३० सेकंद थांबा, चढलेलं आयडल उतरू लागलं की निघा. पहिली १० मिनिटं २५०० आरपीएमच्या आत ठेवा.

प्रतिसाद १:
नाही पटलं. ३० सेकंदांत ऑइलचं प्रेशर येतं, पण ऑइल पातळ होत नाही. २०डब्ल्यू-५० ग्रेडचं जाड ऑइल शून्याखाली काकवीसारखं घट्ट होतं. पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून बरंचसं ऑइल मागे फिरतं आणि वर कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) उशिरा पोचतं. ॲल्युमिनियमचा पिस्टनही गार असताना आकसलेला असतो, म्हणून तो सिलिंडरवर आपटतो. अशा वेळी लोड कशाला द्यायचा? तीन मिनिटं तरी द्याच.

मूळ मत मांडणारा:
पिस्टन फुगायला उष्णता लागते, आणि आयडलवर तीच सर्वांत कमी मिळते. तीन मिनिटांत ऑइल जेमतेम कोमट होतं. तेवढ्यात न जळलेलं पेट्रोल सिलिंडरवरचा ऑइलचा थर धुऊन पिस्टनच्या रिंगांवाटे खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल आणि न भरता पातळी वाढली असेल, तर समजा हेच चाललंय. तुम्ही सांगता तो दोष ऑइलच्या ग्रेडचा आहे. मॅन्युअलप्रमाणे ५डब्ल्यू-३० (थंडीत पातळ राहणारं) चालत असेल तर तेच घाला. शिवाय गिअरबॉक्स, व्हील बेअरिंग, शॉकअप उभ्या गाडीत गारच राहतात.

प्रतिसाद २:
डिझेलवाल्यांनी तर जागेवर तापवायच्या भानगडीत पडूच नये. आयडलवर डिझेल इतकं कमी जळतं की तापमानाचा काटा हलतच नाही, आणि डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) काजळी मात्र साठते. ग्लो प्लगचा (सुरू करण्याआधी सिलिंडर तापवणाऱ्या प्लगचा) दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारू नका आणि गार टर्बोवर जोर देऊ नका. उणे २० अंशांच्या खाली ब्लॉक हीटर (इंजिन तापवणारा विजेचा हीटर) दोन-तीन तास आधी लावा. पुढच्या काचेवर बर्फ किंवा धुकं असेल, तर मात्र काच पूर्ण स्वच्छ होईपर्यंत हलू नका. बंद गॅरेजमध्ये तर एक मिनिटही इंजिन चालू ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रतिसाद १:
ग्रेडचं मान्य. पण कार्ब्युरेटरच्या एअर-कूल्ड मोटरसायकलबाबत मी दोन मिनिटांवर ठाम आहे. चोक ओढून सुरू करा, अर्ध्या-एक मिनिटात अर्धा करा, चोकशिवाय आयडल टिकलं की पूर्ण बंद. चोक तसाच राहिला तर प्लग काळा पडतो आणि गाडी मिसिंग करते. आणि कारवाल्यांनो, काटा मध्यावर आला म्हणजे फक्त कूलंट तापलं. ऑइल त्याच्या बरंच मागे असतं, तेव्हा गाडी ताणायच्या आधी आणखी पाच-दहा मिनिटं जाऊ द्या.