अपडेट टाकलं नाही म्हणून दोष वापरणाऱ्याचा?

शंकासुर
जाणकारांनी प्रकाश टाकावा. सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून घरच्या पीसीत व्हायरस शिरला की कंपनीचं उत्तर ठरलेलं: पॅच (त्रुटी बुजवणारा अपडेट) दिला होता, तुम्ही टाकला नाही. करारात 'आहे तसं' (दोषांची हमी नाही) विकल्याचं कलम असतंच. ज्याला ब्राउझर आणि इंटरनेट यांतला फरक कळत नाही, त्याने पोर्ट (नेटवर्कवरून मशीनमध्ये यायची दारं) आणि पॅच समजून घ्यावेत ही अपेक्षा कितपत रास्त? आणि तोवर घरच्या मशीनवर काय करून घ्यावं?

पोर्ट१३५
२००३ चा ब्लास्टर वर्म (एका मशीनवरून दुसऱ्यावर स्वतः पसरणारा व्हायरस) घ्या. मायक्रोसॉफ्टचा पॅच १६ जुलैला आला, वर्म ११ ऑगस्टला सुटला. कागदावर पाहिलं तर भरपूर वेळ. पण हा वर्म कुणी फाइल उघडायची वाट बघत नव्हता. विंडोज एक्सपी इंटरनेटला जोडलं की आरपीसी (दूरच्या मशीनच्या विनंत्या घेणाऱ्या) सेवेच्या १३५ क्रमांकाच्या पोर्टमधून थेट आत. मग पडद्यावर ६० सेकंदांची उलटी मोजणी आणि मशीन रीस्टार्ट. पॅच उतरवायला इंटरनेट हवं, आणि जोडलं की पुन्हा मोजणी. डायल-अपवाल्याने करायचं काय? (कमांड प्रॉम्प्टवर 'शटडाउन -ए' दिलं की मोजणी थांबायची. नवख्याला हे सांगणार कोण?)

याला अडवू शकणारी फायरवॉल एक्सपीत पहिल्यापासून होती, फक्त बंद ठेवलेली! ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून ती आपोआप चालू राहू लागली. एवढ्या मोठ्या कोडमध्ये चुका राहणार, ते समजू शकतो. फायरवॉल बंद ठेवून माल बाहेर काढायचं मात्र कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. जबाबदारीची रेघ मी तिथे ओढेन.

तळटीप
बऱ्याच अंशी सहमत. पण वॉनाक्राय (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर) अडवणारा पॅच १४ मार्च २०१७ ला आला आणि हल्ला १२ मे रोजी झाला. तोवर अपडेट बंद करून बसलेल्यांची बाजू कशी घ्यायची? अर्थात लोक ते बंद का करतात हेही बघा: ऐन कामात रीस्टार्ट, आणि पॅचच्या जोडीने नको असलेली फीचर्स गळ्यात.

युरोपीय संघाच्या सायबर रेझिलियन्स कायद्याने नेमकं हेच धरलंय. मुख्य तरतुदी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. सुरक्षित सेटिंग्ज मुळातूनच हव्यात, तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथे सुरक्षेचे अपडेट फीचर्सपासून वेगळे द्यायचे, आणि सर्वसाधारणपणे किमान ५ वर्षं ते पुरवायचे. निव्वळ हौसेचं, बिगरव्यापारी ओपन सोर्स (खुल्या कोडचं) सॉफ्टवेअर यातून वगळलंय, ते योग्यच.

'आहे तसं' कलमाबद्दल: संघाचा सदोष उत्पादनांच्या भरपाईचा नवा नियम ९ डिसेंबर २०२६ पासून बाजारात येणाऱ्या मालाला लागू होतो. त्यात सॉफ्टवेअरही 'उत्पादन' धरलंय. त्याखालची जबाबदारी करारात लिहून झटकता येत नाही.

कळफलक
आता मशीनचं बघू. रोजच्या वापराला स्टँडर्ड (मर्यादित हक्कांचं) अकाउंट, ॲडमिन (पूर्ण हक्कांचं) वेगळं आणि त्याचा पासवर्ड वेगळा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स इथून नवं खातं काढलं की ते स्टँडर्डच बनतं. मग काही इन्स्टॉल होताना ॲडमिन पासवर्ड मागितला जातो. आपण काही टाकत नसताना तो मागितला तर 'नाही' म्हणा.

फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा. मे २००० च्या 'आय लव्ह यू' वर्मची फाइल '.टीएक्सटी.व्हीबीएस' अशी संपत होती. शेवटचा तुकडा विंडोज लपवायची, त्यामुळे स्क्रिप्ट साधी टेक्स्ट फाइल वाटायची. विंडोज ११ मध्येही हे तुकडे मुळात लपलेलेच येतात. इतक्या वर्षांनी!

राउटरवर ॲडमिन पासवर्ड बदला, रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटर हाताळायची सोय) आणि यूपीएनपी (पोर्ट आपोआप उघडणारी सोय) बंद करा, फर्मवेअरचं (राउटरमधल्या सॉफ्टवेअरचं) ऑटो अपडेट असेल तर चालू. यूपीएनपी बंद केल्यावर काही ऑनलाइन गेम अडतात. तेव्हा लागेल तेवढाच पोर्ट हाताने उघडा.

बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवा. लावलेली राहिली तर रॅन्समवेअर तीही एन्क्रिप्ट करतं.

शंकासुर
आभार. यूपीएनपी बंद केलं तर वायफाय प्रिंटर सापडायचा थांबेल का?

कळफलक
नाही. राउटरवरचं ते बटण बाहेरून आत येणारे पोर्ट आपोआप उघडण्यापुरतं असतं. प्रिंटरचा शोध घरच्या नेटवर्कमध्येच लागतो. प्रिंटर दिसेनासा झालाच, तर तो गेस्ट वायफायवर गेला नाही ना, ते आधी बघा.